बॅच एकशे बारा आणि चाळीस मिनिटं

त्यांना सगळी प्रयोगशाळा स्वेटरबाई म्हणायची, आणि म्हणायची ते बरोबरच होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना या बाई करडा लोकरी स्वेटर चढवून, कानाला रुमाल बांधून शीतखोलीत शिरायच्या. शीतखोली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फ्रिज, दुसरं काही नाही. तिथे चार अंशांवर त्यांनी नोकरीची सव्वीस वर्षं काढली. निवृत्तीला दोन राहिली होती. गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

बाई एन्झाइम बनवायच्या. एन्झाइम म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. जिवंत पेशीत काम करणारा हा एक कामगार रेणू असतो आणि त्याला एकच काम येतं. बाईंच्या एन्झाइमला दुधातली साखर तोडता यायची. एका साखरेचे दोन तुकडे, मग दुसरीचे, मग तिसरीचे; कंटाळा नाही की रजा नाही. मोठ्या चंबूत जिवाणू वाढवायचे, ते फोडायचे, गाळायचे, आणि काचेच्या एका उंच नळकांड्यातून तो रस थेंब थेंब सोडायचा. खाली बारा नळ्या लावलेल्या. पहिल्या नळ्यांत कचरा यायचा, शेवटच्या नळ्यांतही कचरा, मधल्यांत माल. एन्झाइमला बाई ‘माल’च म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. फक्त मधल्या चार नळ्या ठेवायच्या, बाकी आठ मोरीत.

“बाई, चौथ्या नळीतही बराच माल आहे हो,” एखादी नवी विद्यार्थिनी कळवळून म्हणायची.

“आहे ना. मग तू पी.”

त्यामुळे बाईंचा माल थोडा असायचा, पण चोख. प्रत्येक खेपेला बॅच म्हणायचे आणि तिला क्रमांक असायचा. प्रत्येक बॅचचं एक पान, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात. किती वाजता काय केलं, किती थंडीत ठेवलं, शेवटी मालाचा वेग किती भरला, सगळं त्यात. त्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. एवढ्या वर्षांत त्यांना बक्षीस असं काही मिळालं नव्हतं. मिळाला होता तो हा विश्वास.

घरी एक नवरा. तो बसमध्ये तिकीट तपासनीस होता, आणि निवृत्त होऊनही तपासणी सुटली नव्हती. दूधवाल्याकडे, शेजाऱ्याकडे, टीव्हीवर बातम्या देणारीकडेसुद्धा तो त्याच नजरेने बघायचा. “माणूस एकदम खिडकीबाहेर बघायला लागला ना,” तो सांगायचा, “की समजायचं, तिकीट नाही.” अशा माणसाबरोबर तीस वर्षं संसार केला की संशय अंगात मुरतोच. बाईंच्याही मुरला होता.

तर अशा त्या प्रयोगशाळेत एक नवा डॉक्टर आला. औषधाचा नव्हे, पीएचडीचा. पस्तिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा. चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळायचा. जो पुरुष न सांगता कप विसळतो त्याच्यावर नजर ठेवावी, असं बाईंचं मत पडलं. तो एका वेळी एकच रेणू बघतो असं कळल्यावर त्यांनी त्याचं नाव सूक्ष्मराव ठेवलं. आठवड्याभरात प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे मॅडमसुद्धा पाठीमागे तेच नाव वापरायला लागल्या.

सूक्ष्मरावांकडे नखाएवढी काचेची चकती होती. तिच्यावर हजारो खळगे, इतके बारीक की एका खळग्यात एन्झाइमचा एखादाच रेणू मावावा. माल पाण्याने इतका पातळ करायचा की वीस खळग्यांतल्या एकात एक रेणू सापडावा आणि बाकी रिकामे राहावेत. सोबत साखर घालायची, पण तिला एक रंग जोडलेला. रेणूने साखर तोडली की रंग सुटतो आणि चमकतो. खळगा भराभर उजळला तर आतला गडी चपळ, रेंगाळत उजळला तर संथ. वरून कॅमेरा लावून बघत बसायचं.

त्यांनी बॅच एकशे बारा घेतली आणि बघत बसले. तिसऱ्या दिवशी ते शीतखोलीच्या दाराशी आले.

“बाई, एक विचारू का?”

“विचारा. पण दार लावून विचारा, थंडी पळते.”

ते आत आले. अंगात नुसता शर्ट. “बॅच एकशे बारा… ती करताना काही वेगळं झालं होतं का?”

“वेगळं म्हणजे?”

“म्हणजे, एन्झाइम एकच आहे ना? मग सगळे रेणू सारख्या वेगाने चालायला हवेत. माझ्याकडे तर एक एका चालीचा, दुसरा त्याच्या दुप्पट, एखादा चौपट. जत्राच आहे नुसती.”

“वहीत बघा,” बाई म्हणाल्या. “वहीत आहे सगळं.”

“बघितलं. वहीत सगळं नीट आहे.”

“मग नीटच आहे.”

सूक्ष्मराव कुडकुडत निघून गेले, आणि बाईंनी एकशे बाराचं पान पुन्हा उघडून बघितलं. कारण वहीत सगळं नव्हतं.

बॅच एकशे बाराच्या दिवशी नवरा दिवा बदलायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट खाली आला. शेजारणीचा फोन आला तेव्हा बाई मधल्या चार नळ्यांचा स्टँड हातात घेऊन नुकत्या बाहेर आल्या होत्या. स्टँड खिडकीजवळच्या टेबलावर टेकवला, बर्फाची पेटी दोन हातांवर होती तिच्यात ठेवायचं सुचलं नाही, आणि त्या बोलत राहिल्या. शेजारणीशी, मग रिक्षावाल्याशी, मग दवाखान्यातल्या मुलीशी. हाड मोडलेलं नाही हे कळायला चाळीस मिनिटं लागली. वळून बघतात तर उन्हाची तिरीप सरकत सरकत स्टँडच्या पायाशी आलेली. त्यांनी नळ्या उचलून बर्फात खुपसल्या, शेवटी वेग मोजला, तो नेहमीसारखाच भरला. आणि वहीत त्यांनी नेहमीचे दोन शब्द लिहिले: ‘सतत बर्फात.’

वेग बरोबर भरला होता ना? मग झालं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटेना. उन्हाने अर्धे रेणू अर्धवट बिघडले असतील तर? तेच हे संथ असतील तर?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. पण माणसाची जात अशी, की स्वतःच्या चुकीची शंका आली की आधी दुसऱ्याची चूक शोधायची. बाईंनी सूक्ष्मरावांवर पाळत सुरू केली. ते माल किती वेळ बाहेर ठेवतात? पातळ करताना कोणत्या बाटलीतलं पाणी घेतात? फ्रिजचं दार पायाने ढकलून लावतात, नीट लागतं का? दोनदा त्यांनी ते पुन्हा लावलं, दोन्ही वेळा ते आधीच लागलेलं होतं.

तीन महिने एवढं करून भागेना, तेव्हा त्यांनी स्वेटरच्या बाहीतला एक धागा काढला आणि एकशे बाराच्या बाटल्या ठेवलेल्या डब्याला गुंडाळला. डबा उघडला तर धागा तुटणारच. शुक्रवारी दुपारी गुंडाळला. सोमवारी सकाळी धागा खाली पडलेला आणि सात बाटल्यांच्या सहा झालेल्या!

घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, माझ्या मालाला कोणीतरी हात लावतंय.”

“चोर घरातलाच असतो,” तो उत्साहाने सरसावून बसला. “कोण आहे संशयित?”

“तो नवा डॉक्टर. माझ्या बॅचचे रेणू सारखे चालत नाहीत म्हणतो.”

“अगं, हाताची पाची बोटं तरी कुठे सारखी असतात?”

“बोटांचं काय सांगता! बोटं वेगळी असायलाच घडवलेली असतात. हे सगळे एकाच साच्यातले. यांनी सारखंच असलं पाहिजे.” एवढं बोलून बाई समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघायला लागल्या. तिथे वाळत घातलेली एक चादर होती, बाकी काही नाही.

नवरा म्हणाला, “तुझं तिकीट कुठे आहे?”

“काय?”

“किती वेळ बघतेयस बाहेर. काय लपवतेस?”

“तुमचं डोकं,” बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी भांडी जरा जास्तच आपटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूक्ष्मरावांना कॅमेऱ्याच्या खोलीत गाठलं. “डॉक्टर, एक बाटली कुठे गेली?”

“कोणती बाटली?”

“सोंग नको. एकशे बाराची. सात होत्या, सहा आहेत.”

सूक्ष्मरावांचा चेहरा खरोखरच कोरा होता. “मला पहिल्या दिवशी तुम्ही दिलेली एक आहे, तीच अजून चालू आहे. बाई, मला एका वेळी लागतं ते सुईच्या टोकाएवढं. मी सात बाटल्या घेऊन काय करू?” मग जरा थांबून, “तुमचा माझ्यावर संशय आहे?”

“तुमचा माझ्यावर नाही?”

“आहे ना,” ते सरळ म्हणाले. “पण तुमच्यावर शेवटी. त्याआधी माझ्या स्वतःवर तीनदा घेऊन झालाय. बसा, दाखवतो.”

आणि त्यांनी दाखवलं. आधी त्यांना वाटलं होतं, जो खळगा दुप्पट उजळतो त्यात एकाऐवजी दोन रेणू पडले असतील. म्हणून त्यांनी माल आणखी पातळ केला, इतका की शंभर खळग्यांत एखादाच भरावा. उजळणारे खळगे कमी झाले, पण चालीतला फरक जसाच्या तसा. मग वाटलं, खळगेच लहानमोठे असतील. म्हणून सगळ्या खळग्यांत नुसता रंग भरला. सगळे सारखे चमकले. मग वाटलं, रेणू लहरी असेल, आत्ता जोरात तर नंतर मंद. म्हणून तेच खळगे तासाभराने पुन्हा बघितले. जो संथ होता तो संथच, चपळ होता तो चपळच. आपापली चाल प्रत्येकाने धरून ठेवलेली.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. काळ्या पटावर ठिपके उजळत होते, कुणी लगबगीने, कुणी वेळ घेत. आपण इतकी वर्षं जे बाटलीत भरलं ते असं दिसतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“पण मी वेग मोजते तो दरवेळी तोच भरतो,” त्या म्हणाल्या.

“भरणारच. तुमच्या नळीत अब्जावधी रेणू. तुम्ही मोजता ती त्यांची सरासरी. या सगळ्यांचा वेग मिळवून भागला की तुमच्या वहीतलाच आकडा येतो, मी करून बघितलं.”

म्हणजे सव्वीस वर्षं लिहिलेला आकडा नेमका कुणा एकाचा असा नव्हताच. बाईंना ते आवडलं नाही.

“पण असं का व्हावं?”

“तेच तर. हा रेणू म्हणजे चार माळा एकमेकींत अडकवलेल्या, एकेका माळेत हजारावर मणी. माळ गुंडाळून तिची मोळी होते तेव्हाच तिला काम करता येतं. एखादी मोळी जराशी वेगळी बांधली गेली, तरी ती तशीच टिकून राहते आणि आपल्या चालीने चालते, असं असू शकतं. किंवा माळ ओवताना पेशीने एखादा मणी चुकीचा ओवला. किंवा नंतर एखाद्या मण्याचा टवका उडाला, शिळेपणाने, उष्णतेने… मला ठाऊक नाही. म्हणून तर तुम्हाला विचारत होतो.”

उष्णतेने. बाईंनी स्वेटरच्या गुंड्या लावल्या. खोली चांगली गरम होती.

नाहीशी बाटली दोन दिवसांनी सापडली, म्हणजे तिचं उत्तर आलं. मॅडमनीच ती रविवारी काढून दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवली होती, बाईंना न विचारता. मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं.

“बाई, मी स्पष्टच सांगते,” मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं होतं, आता वय झालं, चारऐवजी सहा नळ्या एकत्र केल्या असतील. कडेचा कचरा आला असेल. तसं निघालं असतं तर यापुढे माल कंपनीकडून मागवायचा आणि तुम्हाला काचसामानाच्या खोलीत बसवायचं, असं मी ठरवलं होतं.”

“मला विचारलं असतंत तरी चाललं असतं,” बाई म्हणाल्या.

“विचारल्यावर कोण सांगतं?” मॅडम म्हणाल्या, आणि तेही खोटं नव्हतं. “असो. उत्तर आलंय. माल चोख आहे, भेसळीचा मागमूस नाही. आणि यांनी कंपनीचा माल आणून तपासला, त्यातही चालीचा फरक इतकाच. म्हणजे दोष तुमचा नाही. रेणूच तसे आहेत.”

बाईंच्या खांद्यांवरून पोतं उतरलं. गंगेत घोडं न्हालं. आता उठायचं, चहा घ्यायचा आणि दोन वर्षं आरामात काढायची.

“मी शोधनिबंध लिहायला घेतलाय,” सूक्ष्मराव म्हणाले. ते बाईंची वही उघडून बसले होते. “एवढंच पक्कं करायचं होतं. माझी मुख्य मोजणी सगळी एकशे बारावरची. मी लिहितो की मालाला थंडीबाहेर एक क्षणही काढलेलं नव्हतं. तुमचे शब्द आहेत, सतत बर्फात. हे महत्त्वाचं आहे, कारण वाचणारा पहिला संशय उष्णतेवरच घेणार. लिहू ना?”

लिहा, एवढंच म्हणायचं होतं. कोणाला कळणार होतं? स्टँड, खिडकी, ऊन, सगळं कधीच विरून गेलं होतं. बाईंनी खोलीची खिडकी शोधली आणि मग स्वतःचाच राग येऊन मान वळवली.

“नका लिहू,” त्या म्हणाल्या. “चाळीस मिनिटं बाहेर होता. नवरा पडला होता, मी फोनवर होते. खिडकीपाशी ठेवला होता.”

मॅडमनी सूक्ष्मरावांच्या हातातली वही घेतली आणि मिटली.

“हे मला आज कळतंय?”

“हो.”

“या एका पानावर खोटं आहे. बाकीच्या एकशे अकरांत किती आहे?”

“एकही नाही.”

“हे मी कशावरून धरायचं, बाई?”

कपाळावर शिक्का मारल्यासारख्या त्या बसून राहिल्या. भेसळीचा आरोप आला असता तर त्या भांडल्या असत्या, आवाज चढवला असता. पण हे खरं होतं, आणि खऱ्यापुढे आवाज चढत नाही.

सूक्ष्मरावांचे चार महिने पाण्यात गेले. ते चिडले नाहीत. ते चिडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, “पुन्हा करावं लागेल सगळं,” आणि दाराशी थांबून, “पण चाळीस मिनिटं नेमकी ना? अंदाजे नाही?”

“नेमकी. फोनमध्ये नोंद आहे.”

“मग तेही करू. एकशे तेरा करा. तिचा अर्धा भाग बर्फात ठेवू, अर्धा खिडकीत चाळीस मिनिटं ठेवू.”

बाईंना काचसामानाच्या खोलीत मात्र हलवलं नाही. दया वगैरे काही नव्हती. त्या थंडीत सहा तास उभं राहायला दुसरं कोणी तयार झालं नाही, इतकंच. पण मॅडमनी नवा नियम काढला. वहीत यापुढे दोन सह्या, एक करणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. सव्वीस वर्षं जिथे एकच अक्षर होतं तिथे आता उभी रेघ मारून दुसरा रकाना पाडला गेला. रेघ मॅडमनी स्वतः मारली, पट्टी लावून.

एकशे तेराच्या दिवशी सूक्ष्मराव कोट घालून शीतखोलीत स्टुलावर बसले. बाई थेंब मोजत होत्या, ते बाईंना मोजत होते. असं कोणी पाठीशी बसून बघतंय हे सहन करायला बाईंना पहिला तास फार जड गेला. नळीला हात लावला की त्यांना वाटे, आता हा लिहील. बारा नळ्या भरल्या. बाईंनी मधल्या चार उचलल्या, आठ मोरीत ओतल्या.

“चौथीत बराच माल होता,” सूक्ष्मराव म्हणाले.

“तोंड उघडू नका. बघणाऱ्याने बघायचं.”

ते हसले. बाई हसल्या नाहीत, पण थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांनी स्टुलाच्या दिशेने सरकवला.

मोजणीला तीन आठवडे लागले. बर्फातल्या भागात रेणूंची तीच जत्रा. खिडकीतल्या भागातही तीच, तेवढीच पसरलेली, ना जास्त संथ ना कमी. चाळीस मिनिटांनी काहीही झालेलं नव्हतं.

“बघा,” बाई म्हणाल्या. “काही बिघडलं नव्हतं. उगाच चार महिने गेले.”

“नव्हतं बिघडलं,” सूक्ष्मराव म्हणाले. “पण हे आज म्हणता येतंय. तेव्हा म्हणता येत नव्हतं.”

“मग ते वेगळे चालतात तरी का?”

“उष्णतेने नाही, एवढं पक्कं. आता मोळ्या सोडवून पुन्हा बांधायच्या. रसायनात घालून रेणू उलगडायचे, मग रसायन काढून घेऊन त्यांना परत गुंडाळू द्यायचे. फरक पुन्हा तसाच पडला तर संशय बांधणीवर जाईल. नाही पडला तर मण्यांवर. त्यासाठी एकशे चौदा लागेल. कराल?”

“बघायला कोण बसणार?”

“मीच.”

एकशे चौदाला बाईंनी सकाळी नऊला सुरुवात केली. अकरा वाजून वीस मिनिटांनी, सहाव्या नळीवर झाकण बसवताना, त्यांना शिंक आली. एक नाही, ओळीने चार. झाकण हातातून सुटलं आणि नळी उघडीच राहिली. बाईंनी रुमालाने नाक पुसलं, हातमोजे बदलले, नवं झाकण लावलं. मग वही ओढली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘नळी सहा, झाकण पडले, दीड मिनिट उघडी. शिंका चार.’

सूक्ष्मरावांनी घड्याळात बघितलं. “दोन मिनिटं, बाई.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग ‘दीड’वर रेघ मारून ‘दोन’ केलं, सही केली, आणि वही दुसऱ्या रकान्यासाठी त्यांच्याकडे सरकवली.